मंत्रचळ : स्वभाव नव्हे, आजार

कुलूप तीनदा ओढून पाहिलं, तरी जिन्यातून परत फिरावंसं वाटतं. नको असलेला विचार मनात घुसतो, भीती दाटते आणि ती शमवायला माणूस तीच कृती पुन्हा करतो. क्षणभर सुटका मिळते, पण तीच सुटका हे चक्र आणखी घट्ट करते. हाच मंत्रचळ, म्हणजे ओसीडी.

यावर उपचार आहेत. १९६६ साली मानसशास्त्रज्ञ व्हिक्टर मेयर यांनी मांडलेल्या पद्धतीतून आजची थेरपी घडली. तिच्यात रुग्ण भीतीला पायरीपायरीने सामोरा जातो, पण ती ठरलेली कृती टाळतो. चिंता आपोआप ओसरते, हे तो अनुभवातून शिकतो. सेरोटोनिनवर काम करणाऱ्या औषधांचा गुण यायला ८ ते १२ आठवडे लागू शकतात. ती परस्पर बंद करू नयेत. घरच्यांनी रागावू नये. मदतीसाठी ‘टेली मानस’ हेल्पलाइन : १४४१६.