एकाच घमेल्यातले हात

मागील पावसाळ्यात देवळी तालुक्यातील एका वस्तीत आमचे जाणे झाले. गावाचे नाव मुद्दाम देत नाही. हे कोणत्याही गावात घडू शकते. अंगणवाडीतील चार लेकरांना आठ दिवसांत रक्ताची आव लागली होती. कुणी म्हणे हवा बदलली, कुणी म्हणे नजर लागली. गावातील एका शहाण्या गृहस्थाने तर "त्या वस्तीत घाणच फार" असा निकाल देऊन टाकला. ते आमच्या मनाला लागले.

आम्ही पडलो कारकून माणसे. हजेरीपट दिसला की वाचायची खोड! सेविकाताईंनी रजिस्टर पुढे केले. सोमवारी एक मूल गैरहजर, बुधवारी आणि गुरुवारी आणखी दोन, पुढच्या सोमवारी चौथे. चौघेही एकाच पंगतीत शेजारी बसणारे. पिण्याच्या ड्रममध्ये सर्वांचा एकच पेला बुडायचा. जेवणाआधी हात धुतले जात, नाही असे नाही. पण एकाच घमेल्यातील पाण्यात. म्हणजे पहिल्या लेकराच्या हाताचे ते शेवटच्याच्या तोंडात.

अशा आवेचे एक मोठे कारण म्हणजे शिगेला हा जंतू. जपानी शास्त्रज्ञ कियोशी शिगा यांनी तो 1897 मध्ये शोधला. त्याचे 10 ते 100 जंतू पोटात गेले तरी आजार होऊ शकतो. इतके तर नखाच्या कडेला बसतात, आणि हात दिसायला स्वच्छच असतो. मूल बरे होऊन खेळू लागले तरी काही दिवस त्याच्या शौचातून जंतू पडतच राहतात. अंगावरच्या पिवळ्या खपलीच्या पुटकुळ्या स्पर्शाने आणि एका टॉवेलने पसरतात. डांग्या खोकला मात्र खोकल्याच्या तुषारांतून येतो. तेथे हात धुऊन भागत नाही, लसच हवी. दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांचे डोस घेऊन पुष्कळ घरी पुढचे बूस्टर राहून जातात. भगिनींनो, लसीचे कार्ड एकदा काढून पाहाच.

कराचीच्या गरीब वस्त्यांत एक मोठा प्रयोग झाला, त्याचा अहवाल 2005 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला. घरोघर साबण देऊन हात धुण्याची सवय लावली. मुलांचे जुलाब 53 टक्क्यांनी आणि पुटकुळ्या 34 टक्क्यांनी घटल्या, पाच वर्षांखालील लेकरांचा न्यूमोनिया निम्म्यावर आला. आणि साधा साबण महागड्या जंतुनाशक साबणाइतकाच कामी आला! दुकानदार हे सांगणार नाही.

हे सारे आम्ही विहारातील बैठकीत सांगितले. आजारी मूल घरी ठेवा, असेही म्हणालो. तेव्हा मागे बसलेली एक माउली उठली. "भाऊ, लेकराले घरी ठेवलं तं निंदणाले कोण जाईन? रोज बुडला तं चूल कशी पेटन?"

आमच्याजवळ उत्तर नव्हते. कारखान्यातील बाईसाठी 1948 च्या कायद्याने पाळणाघर सांगितले. निंदण करणाऱ्या बाईच्या कामाला ना गेट, ना मस्टर. ती आजारी लेकरू अंगणवाडीत सोडते ते निष्काळजीपणाने नव्हे. घरी उरलेली कुणाची तरी गोळी अर्धी करून देते, तीही त्याच घाईपोटी. पण ते करू नका. शौचात रक्त दिसले की मिठा-साखरेचे पाणी सुरू ठेवून थेट दवाखाना गाठायचा, आणि डॉक्टरांनी दिलेले औषध पुरते संपवायचे.

बराच वेळ चर्चा चालली. शेवटी शेतावर न जाणाऱ्या तीन आज्यांनी पाळीपाळीने आजारी लेकरू सांभाळायचे कबूल केले. मदतनीस ताईंनी घमेले बंद करून तांब्याने वरून पाणी घालायला सुरुवात केली. ड्रमला झाकण आणि लांब दांड्याचे ओगराळे आले. साबणाचा खर्च महिला मंडळाने उचलला, जरा कुरकुर करून.

सप्टेंबरात पुन्हा रजिस्टर पाहिले. दोन नावांपुढे गैरहजेरी होती. दोघेही आजीकडे होते. पंगतीतील बाकीची जागेवर. अंगावरच्या तान्ह्या लेकरांचे काय करायचे, हे मात्र अजून ठरलेले नाही. त्यासाठी पुढच्या पौर्णिमेला बैठक आहे.