दाभोळच्या खाडीतील मुक्काम

शिडाच्या गलबतातून केलेला प्रवास म्हटला की, भरलेले शीड आणि कापले जाणारे पाणी एवढेच आपल्या डोळ्यांपुढे येते. वास्तविक त्या प्रवासात चालण्याइतकेच थांबणेही असे. आणि कोठे, केव्हा व किती वेळ थांबावे, ह्यातच तांडेलाची खरी परीक्षा होई. वाशिष्ठी नदीच्या मुखावरचे दाभोळ हे अशा मुक्कामाचे ठिकाण.

उत्तरेकडून आलेले गलबत मुखात शिरले की, उजव्या हाताला अंजनवेलचा गोपाळगड आणि डावीकडे दाभोळ. पुढे नदीचे रुंद, शांत पात्र. तीरांवर जांभ्याच्या टेकड्या, पायथ्याशी माडांच्या बागा, चिखलात उभी कांदळे. आणि हिवाळ्यात काठावर ऊन खात पडलेल्या मगरी. देखावा मनोहर खरा. पण नांगर पडे तो देखाव्यासाठी नव्हे. चिपळूणचा माल येथून वर सुमारे चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर, गोवळकोटच्या धक्क्यापर्यंत न्यावयाचा असे, आणि ही वाट नदीच्या मर्जीवाचून चालता येत नसे.

ती मर्जी ओळखण्याचे कोकणातले गणित मोठे सुटसुटीत आहे. तिथीला पाऊणने गुणावे. येईल ती पूर्ण भरतीची वेळ. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता. दिवसा तशीच रात्रीही. भरती रोज सुमारे पन्नास मिनिटे उशिरा येते, तिचा हिशेबाच्या सोयीसाठी पाऊण तास धरला. थोडा फरक पडतो, पण नाव हाकायला तेवढे पुरते. शिवाय मुखाशी भरती पुरी होते, तेव्हा आत ती अजून चढतच असते. म्हणून पाण्याबरोबर वर निघालेल्या नावेला भरती सहा तासांहून अधिक वेळ साथ देते.

मग अडचण कोठे? वाऱ्यात. हिवाळ्या-उन्हाळ्यात पहाटे वाहतो तो मतलई वारा, जमिनीकडून समुद्राकडे. दुपारी सुटतो तो खारा वारा, समुद्राकडून आत. आता पौर्णिमा धरा. उधाणाचे भरपूर पाणी. पण दिवसाची भरती पहाटे सुरू होऊन दुपारपूर्वी संपणार, म्हणजे ऐन मतलई वाऱ्याच्या तोंडावर. रात्रीची भरती सुरू होते तो वारा पडायला लागतो. चांदणे असते एवढेच सुख! उलट अष्टमीला भरती बारापासून सहापर्यंत, वारा अगदी पाठीशी. पण त्या दिवशी भांगाचे पाणी, आणि उथळ जागी तळ टेकण्याची भीती. पाणी आहे तर वारा नाही, वारा आहे तर पाणी नाही! हिशेबाने पाहू गेले तर पंचमी-षष्ठीच्या सुमाराची दुपार बरी. तोवर मुक्काम, नाहीतर वल्ही.

ह्या थांबण्यावरच दाभोळ वाढले. पंधराव्या शतकात रशियन व्यापारी अफनासी निकितिन परतीच्या प्रवासाला येथूनच गलबतात बसला. १५०८ च्या अखेरीस पोर्तुगीज सेनानी आल्मेदा ह्याने हे शहर जाळले. चिपळूणचे बाजारपेठ म्हणून महत्त्वही तेच सांगते: भरती जेथवर पोचते तेथे माल उतरायचा आणि पुढे कुंभार्ली घाटाने वर चढायचा.

आज तेथे गलबत थांबत नाही. दाभोळ-धोपावे फेरीबोट मोटारींसह माणसे पलीकडे नेते, पण ती नदी ओलांडते, नदीतून वर जात नाही. आणि ज्या पात्रातून नावा वर जात, ते गाळाने उथळ होत गेले. कोयनेची वीज झाल्यावरचे पाणी १९६२ पासून ह्याच नदीत उतरते, त्यामुळे उन्हाळ्यातही तिला प्रवाह असतो. पण गाळ काही त्याने हटला नाही.

२२ जुलै २०२१ रोजी चिपळूण बुडाले. कारणांविषयी वाद झाले. अतिवृष्टी तर होतीच. पण तो दिवस गुरुपौर्णिमेच्या तोंडावरचा, म्हणजे उधाणाचा होता. वरून पूर उतरत असता खालून भरती चढत होती, आणि मध्ये गाळ. तांडेल जे पाणी तिथी मोजून मागत असे, तेच पाणी ह्या वेळी न मागता बाजारपेठेत शिरले. पुढे लोकांनी आंदोलन केले, आणि वाशिष्ठीतून व शहरातून येणाऱ्या शिवनदीतून गाळ उपसण्याचे काम सुरू झाले.