छातीपोटाची ओळख

आपल्या देहाची पुढची बाजू आपण रोज आरशात पाहतो. पण तीतील हाडांची व स्नायूंची नावे विचारली, तर बहुतेकांची धाव बरगडीपाशी थांबते. वैद्यक न शिकलेल्यांनी या भानगडीत कशाला पडावे, असे आम्हांला पुष्कळदा विचारतात. ज्याचा संसार अंगमेहनतीवर चालतो त्याचे भांडवल हेच, आणि व्यापारी आपल्या भांडवलाची मोजदाद ठेवतोच की!

आरंभ पुस्तकापासून नव्हे, बोटांपासून करावा. गळ्याखालच्या खळगीत बोट ठेवा. तिच्या दोन्ही बाजूंनी खांद्यांकडे जाणारे, किंचित वळसे घेतलेले हाड लागेल. ती हांसडी, शास्त्रीय भाषेत जत्रुक. अवघा हात धडाच्या सांगाड्याला हाडाने जोडलेला आहे तो या हांसडीमार्फतच; पाठीवरचा खांद्याचा फरा केवळ स्नायूंच्या आधाराने बरगड्यांवर सरकत असतो. म्हणून माणूस पसरलेल्या हातावर पडला, की धक्का हांसडीपर्यंत पोचतो व पुष्कळदा तीच मोडते.

खळगीतून सरळ खाली उतरले की उरोस्थी. तिच्यावर सुमारे दोन इंचांवर एक आडवा उंचवटा लागतो. दुसरी बरगडी जोडलेली आहे ती तेथे, आणि डॉक्टर बरगड्या मोजतात त्याही तेथूनच. कारण पहिली हांसडीआड दडलेली असते. एकूण जोड्या १२. वरच्या ७ आपापल्या कूर्चेने उरोस्थीला मिळतात, पुढच्या ३ वरच्या बरगडीच्या कूर्चेला टेकतात, शेवटच्या २ पुढे मोकळ्याच. या उरोस्थीचे सात भाग असतात, असे युरोपातले विद्वान गेलनच्या आधारे शतकानुशतके सांगत आले. गेलनने चिरली होती माकडे! १५४३ साली आंद्रेआस व्हेसालियसने आपल्या ग्रंथात माणसाच्या उरोस्थीचे तीनच भाग दाखविले. स्वतः हात लावून पाहिल्याचा हा गुण.

आता स्नायू. स्नायू ओढतो, ढकलीत नाही. तेव्हा नाव घोकण्याआधी त्याची दोन टोके शोधावीत. छातीचा मोठा स्नायू हांसडी, उरोस्थी व बरगड्यांच्या कूर्चा येथून निघून दंडाच्या हाडाला वरच्या बाजूस चिकटतो. दोन्ही तळवे जोडून जोराने दाबा, तो ताठलेला लागेल. हातगाडी ढकलताना हाच राबतो. म्हणजे गाडी ढकलली जाते तीही आत कोणीतरी ओढते म्हणून!

पोटाला मात्र पुढून हाडच नाही. मधोमध बरगड्यांपासून खाली जघनास्थीपर्यंत जाणारे दोन सरळ स्नायू, आणि दोन्ही कुशींना एकावर एक तीन थर, प्रत्येकाच्या तंतूंची दिशा निराळी. प्लायवुडच्या फळीत असते तशी. उताणे निजून डोके उचलले की सरळ स्नायू हाताला लागतात. ही भिंत भक्कम खरी. परंतु पुरुषांत वृषणाकडे जाणारी नळी जांघेजवळ तिच्यातून बाहेर पडते आणि ती जागा दुबळी राहते. श्वास कोंडून ओझे उचलले की पोटातला दाब वाढतो, आणि एखाद्याचे आतडे तेथून बाहेर डोकावते. यालाच आपण अंतर्गळ म्हणतो. १९६७ साली आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने प्रौढ पुरुषाच्या ओझ्याची मर्यादा ५५ किलो सुचविली. त्यानंतरही क्विंटलाची पोती माणसांच्या पाठीवरून गेलेली आम्ही पाहिली आहेत.

असा हमाल दवाखान्यात जाऊन "पोटात दुखतंय" एवढेच सांगतो व पाचक चूर्ण घेऊन परततो. त्याऐवजी "जांघेच्या वर, खोकलो की फुगतं, निजलो की आत जातं" असे तो म्हणाला, तर डॉक्टरांचा हात नेमका तेथेच जातो. आणि तो फुगवटा आत जाईनासा झाला, दुखू लागला, उलट्या सुरू झाल्या, तर सकाळची वाट पाहू नये. त्याच घटकेला रुग्णालय गाठावे. अडकलेल्या आतड्याचा रक्तपुरवठा तुटला, तर ते काही तासांतच कुजू लागते.