कवचालाही दुखतं: पाळीव कासवांविषयीचे गैरसमज आणि वस्तुस्थिती

महादेवाच्या देवळात शिरताना दगडी कासव दिसतं. त्याच्या पाठीला हात लावून आपण पुढे जातो. लहानपणापासून ओळखीच्या झालेल्या या दगडी पाठीमुळेच की काय, जिवंत कासवाची पाठही आपण दगडाचीच समजतो.

बुलढाणा जिल्ह्यातल्या आपल्या मोताळा तालुक्याला कासव परकं नाही. नलगंगा धरणाच्या काठावर, शेततळ्यात, जुन्या विहिरीत ते आढळतं. पहिला पाऊस पडला की रस्ता ओलांडताना दिसतं आणि कधी ट्रॅक्टरच्या चाकाखालीही येतं. उन्हाळ्यात ते चिखलात स्वतःला गाडून घेतं, आणि नेमका तोच गाळ काढायचा हंगाम असल्यानं जेसीबीच्या दातांत सापडण्याचा धोकाही असतो. शिवाय आता शहरातल्या फिश टँकच्या दुकानांतून डोक्याच्या बाजूला लाल पट्टा असलेली हिरवी पिल्लं घरोघरी येऊ लागली आहेत. प्राणी घरात येतो, पण त्याची माहिती येत नाही. मग जो तो ऐकीव गोष्टींवर उपचार करतो आणि त्याची किंमत कासव मोजतं. अशाच काही ऐकीव गोष्टी इथे एकेक करून तपासू.

गैरसमज: कवच म्हणजे कासवाचं घर. त्याला तिथे काही जाणवत नाही.

वस्तुस्थिती: शंखातला खेकडा शंख बदलू शकतो, कासवाला कवच बदलता येत नाही. कवच हा त्याचा सांगाडाच आहे. पाठीचा कणा आणि बरगड्या रुंद होऊन एकमेकींना जुळतात, त्यातून वरची ढाल तयार होते. वरची आणि खालची ढाल मिळून पन्नास ते साठ हाडं असतात. त्यांच्यावर आपल्या नखांसारख्याच केराटिनच्या पट्ट्या असतात. या पट्ट्यांखाली जिवंत पेशी, रक्तवाहिन्या आणि मज्जातंतू आहेत. म्हणून पाठीवर बोट फिरवलेलं कासवाला कळतं आणि घाव बसला तर दुखतंही. फुप्फुसं वरच्या कवचाला लागूनच असतात, त्यामुळे पाठीवरचा खोल तडा थेट फुप्फुसापर्यंत जाऊ शकतो. दोरी बांधायला कवचाच्या कडेला भोक पाडणं म्हणजे जिवंत हाडाला भोक पाडणं आहे. त्यातून रक्त येतं, जंतू आत शिरतात आणि हाड सडायला लागतं.

गैरसमज: तडा गेला तर फेविक्विक किंवा एम-सील लावावं, नाहीतर हळद भरावी.

वस्तुस्थिती: तुटलेली बादली सांधायला हे ठीक, कासवाला नाही. जखम वरून बंद झाली की आतली माती आणि जंतू आतच कोंडले जातात. बाहेरून कवच नीट दिसतं आणि आत पू साचत राहतो. पूर्वी पशुवैद्यकही तडे राळ आणि फायबरग्लासनं बंद करत असत. आता जखम आधी स्वच्छ आणि उघडी ठेवतात आणि तुटलेले भाग तारा, स्क्रू किंवा पट्ट्यांनी एकमेकांजवळ आणून धरतात. हळदीची पूड जखमेत घट्ट बसते आणि नंतर साफ करताना डॉक्टरांचं काम अवघड करते.

घरी एवढंच करावं. कासव पुठ्ठ्याच्या खोक्यात किंवा टोपलीत स्वच्छ, कोरड्या कापडावर ठेवावं. जखमेवरची माती सलाईनच्या पाण्यानं हलकेच धुवावी. निर्जंतुक गॉज ठेवून सैल पट्टी बांधावी. पाण्यातलं कासव असलं तरी जखमी असताना पाण्यात सोडू नये, पाणी उघड्या जखमेतून आत जातं. आत रुतलेला हाडाचा तुकडा ओढून काढू नये. खोकं सावलीत, शांत जागी ठेवावं आणि माशा बसू देऊ नयेत. उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात माशी जखमेत अंडी घालते आणि एका दिवसात अळ्या पडू शकतात.

उपचार वेळेत मिळाले तर कवच भरून येतं, पण त्याला कासवाच्याच चालीनं वेळ लागतो. कित्येक महिने जातात, मोठ्या जखमेला वर्ष-दीड वर्षही लागतं.

गैरसमज: चालतंय, मान बाहेर काढतंय, म्हणजे ते ठीक आहे.

वस्तुस्थिती: कासवाच्या शरीराचा सगळा कारभार संथ असतो. ज्या जखमेनं कुत्रं किंवा मांजर तासाभरात आडवं होईल, तशीच जखम घेऊन कासव कित्येक दिवस चालत राहतं. त्याला ओरडता येत नाही. म्हणून गाडीखाली आलेलं किंवा कुत्र्यानं चावलेलं कासव धडधाकट दिसलं, तरी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावं. कुत्र्याच्या दाताची खूण वरून लहान दिसते, पण संसर्ग खोलवर गेलेला असतो.

आजारपणाच्या खुणाही बारीक असतात. नाकातून बुडबुडे येणं, तोंड उघडून श्वास घेणं, पाण्यात एका बाजूला कलून पोहणं ही बहुतेक वेळा फुप्फुसाच्या संसर्गाची लक्षणं आहेत. खाणं सोडणं, डोळे मिटलेले राहणं, उचलल्यावर हाताला हलकं लागणं याही खुणाच समजाव्यात.

गैरसमज: गुराढोरांचं जंतांचं औषध थोडंसं दिलं तर चालतं.

वस्तुस्थिती: हा गैरसमज थेट जीव घेतो. शेळ्या-मेंढ्या आणि गुरांच्या गोचिड-जंतांवर गावोगाव वापरलं जाणारं आयव्हरमेक्टिन कासवासाठी विष आहे. त्याच्या मेंदूत हे औषध सहज शिरतं, मग अंग लुळं पडून कासव दगावतं. अगदी थोडा डोस दिला तरी धोका टळत नाही. घरात शेळ्या असतील, औषधाची बाटली कोनाड्यात असेल, तर ही गोष्ट घरातल्या प्रत्येकाला सांगून ठेवावी.

गैरसमज: पिल्लाचं कवच मऊच असतं, वाढेल तसं टणक होतं.

वस्तुस्थिती: अगदी नवजात पिल्लाचं कवच थोडं लवचीक असतं, हे खरं. पण काही महिन्यांच्या पिल्लाचं कवच बोटानं दबत असेल, तर त्याच्या हाडांत कॅल्शियम कमी आहे. बहुतेक वेळा आहारात कॅल्शियम कमी असतं आणि उन्हातले अतिनील किरण त्याला मिळत नसतात. ते नसतील तर शरीरात ड जीवनसत्त्व तयार होत नाही आणि खाल्लेलं कॅल्शियम वाया जातं. खिडकीच्या काचेतून आलेलं ऊन इथे कामाचं नाही, काच हेच किरण अडवते.

पण आपल्याकडचं ऊनही ध्यानात ठेवावं लागतं. एप्रिल-मे महिन्यांत मोताळा-मलकापूर पट्ट्यात उघड्यावर ठेवलेल्या टबातलं पाणी थोड्याच वेळात तापतं. कासवाला घाम येत नाही. अंग तापलं की त्याला सावलीच शोधावी लागते आणि टबात ती नसेल तर ते भाजून मरतं. सकाळचं कोवळं ऊन द्यावं, अर्ध्या टबावर सावली ठेवावी आणि पाण्यातल्या कासवाला कोरडं बसायला एक दगड द्यावा.

एक अपवाद आहे. आपल्या तळ्या-विहिरींतल्या कातडी पाठीच्या कासवाच्या हाडांवर केराटिनच्या पट्ट्या नसतात, तिथे कातडी असते. त्याचं कवच मुळातच गुळगुळीत आणि कडेला मऊ असतं. तो आजार नाही.

गैरसमज: पाठीवर टेंगळं आली म्हणजे जास्त खाऊ घातलंय.

वस्तुस्थिती: जमिनीवरच्या कासवांच्या पाठीवर कधी प्रत्येक पट्टी पिरॅमिडसारखी उंचावते. पूर्वी याचा दोष प्रथिनांना दिला जाई. २००३ साली आफ्रिकी कासवांच्या पिल्लांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात प्रथिनांचा परिणाम किरकोळ आणि कोरड्या हवेचा परिणाम मोठा दिसला. दमट हवेत वाढलेल्या पिल्लांच्या पाठी बऱ्याच सपाट राहिल्या. अशी टेंगळं पुन्हा खाली बसत नाहीत. चांदण्यांच्या नक्षीच्या तारा कासवाच्या पाठीवर मात्र थोडे उंचवटे निसर्गतःच असतात.

गैरसमज: कवच चमकायला खोबरेल तेल लावावं. पापुद्रे निघाले तर खरवडून काढावेत.

वस्तुस्थिती: तेलावर धूळ बसते, ओल धरते आणि बुरशी वाढते. ऑइल पेंट आणि नेलपॉलिशमधली रसायनंही अंगाला बाधतात. पाण्यातल्या कासवाच्या पाठीवरचे पातळ, पारदर्शक पापुद्रे आपोआप गळणं ही साधी वाढ आहे, त्यांना हात लावू नये. पण पांढरे किंवा लालसर डाग, खड्डे, भुसभुशीतपणा आणि घाण वास असेल तर कवच सडू लागलं आहे. याचं मूळ बहुतेक वेळा न बदललेल्या घाण पाण्यात असतं.

गैरसमज: कासव पाण्यावर आणि वाऱ्यावर जगतं.

वस्तुस्थिती: आपल्या संतपरंपरेत कासवीची उपमा वारंवार येते. कासवी पिलांना दूध पाजत नाही, नुसत्या नजरेनं वाढवते, अशी ती कल्पना. मायेची उपमा म्हणून ती अजोड आहे. प्रत्यक्षात कासवी मातीत अंडी घालून निघून जाते आणि पिल्लू पहिल्या दिवसापासून स्वतःचं अन्न स्वतः शोधतं. भात, पोळी, ब्रेड किंवा दूध हे त्याचं अन्न नाही. रोज फक्त सुकी कोळंबी खाणाऱ्या पाण्यातल्या कासवाला अ जीवनसत्त्व कमी पडतं, पापण्या सुजतात, डोळे उघडत नाहीत. न दिसल्यानं ते खाणं सोडतं. त्याला हिरव्या पानांची आणि पाणवनस्पतींची जोड लागते. पण डोळे सुजले म्हणून स्वतःच्या मनानं जीवनसत्त्वाचं इंजेक्शन देऊ नये, मात्रा जास्त झाली तर कातडी सोलून निघते.

गैरसमज: वीस नखी कासव धन देतं. कुठलंही कासव पाळायला हरकत नाही.

वस्तुस्थिती: कातडी पाठीच्या कासवांना प्रत्येक पायाला तीन, म्हणजे एकूण बारा नखं असतात. टणक पाठीच्या बहुतेक कासवांना पुढच्या पायांना पाच-पाच आणि मागच्या पायांना चार-चार, म्हणजे अठरा. एखाद-दुसरं नख जास्त असणं हे माणसाला सहावं बोट असण्यासारखं जन्मजात वेगळेपण आहे. पैशांचा पाऊस त्यातून पडत नाही. या नावाखाली लोक लुबाडले जातात आणि कासवं पोत्यात कोंडून मरतात.

तारा कासव आणि तळ्यातलं कातडी पाठीचं कासव, दोन्ही १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. ती पाळणं, विकणं, विकत घेणं हा गुन्हा आहे. शिक्षा तीन ते सात वर्षं कैद आणि किमान २५,००० रुपये दंड. जखमी कासव सापडलं तर प्रथमोपचार करून वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावं. बरं करून घरीच ठेवण्याचा मोह आवरावा.

गैरसमज: सांभाळणं जमेना, तर धरणात सोडावं. पुण्य लागतं.

वस्तुस्थिती: दुकानातलं लाल पट्ट्याचं कासव मूळचं अमेरिकेतलं आहे आणि जगातल्या सर्वांत घातक १०० आक्रमक प्रजातींच्या यादीत त्याचं नाव आहे. नाण्याएवढं घेतलेलं पिल्लू ताटलीएवढं होतं, वीस-तीस वर्षं जगतं आणि तोवर घरच्यांची हौस फिटलेली असते. ते नलगंगेत सोडलं तर इथल्या कासवांचं अन्न आणि ऊन खायच्या जागा बळकावतं, रोगही पसरवतं. आणणारच असाल तर शेवटपर्यंत सांभाळायच्या तयारीनं आणावं. कासवाच्या अंगावर साल्मोनेला जंतू असू शकतात, म्हणून हाताळल्यावर साबणानं हात धुवावेत. टबाचं पाणी स्वयंपाकघरातल्या मोरीत ओतू नये.

दाखवायचं कुठे?

आधी तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात. एक्स-रे किंवा शस्त्रक्रिया लागली तर अकोल्याची स्नातकोत्तर पशुवैद्यक व पशुविज्ञान संस्था आपल्याला त्यातल्या त्यात जवळ आहे. वन्य कासवासाठी वन विभागाशी बोलावं. नागपूरला सेमिनरी हिल्सवर विभागाचं वन्यजीव उपचार केंद्र आहे. डहाणूच्या कासव उपचार केंद्रात जाळ्यात अडकून जखमी झालेल्या समुद्री कासवांवर महिनोन्महिने उपचार चालतात. कासव उपचारांनी बरं होतं, हे आपल्याच राज्यात रोज सिद्ध होत आहे.

कासव घरात असेल, तर आठवड्यातून एकदा त्याला हातात घ्या. वेगळ्या ठेवलेल्या काट्यावर वजन करून वहीत लिहा. डोळे, नाक, पाठ, पोट बघा, कवचाचा वास घ्या. संतांनी कासवीच्या नजरेला माया म्हटलं. खरी कासवी पिलांकडे बघायला थांबत नाही. टबातल्या पिल्लाला मात्र स्वतःचं ऊन, सावली, अन्न शोधायला जाता येत नाही, आणि दुखलं तर सांगताही येत नाही. त्याच्यावर ती नजर आता आपल्यालाच ठेवावी लागेल.