साथ यंत्राची, ठेका वऱ्हाडाचा

बुलढाणा जिल्ह्यात कोणत्याही बनावटीच्या इलेक्ट्रॉनिक की-बोर्डाला सर्रास ‘कॅसिओ’ म्हटले जाते, आणि हळदीच्या कार्यक्रमापासून देवीच्या जागरापर्यंत, भीमजयंतीच्या गायनापासून जत्रेतील ऑर्केस्ट्रापर्यंत हा कॅसिओ मंचावर हटकून दिसतो. या वाद्यकुळातील एका जातीला ‘अरेंजर की-बोर्ड’ असे नाव आहे. वादकाने डाव्या हाताने स्वरसंगती, म्हणजे कॉर्ड, धरली की हे यंत्र तिला अनुसरून ढोल, बास, गिटार यांची साथ आपोआप वाजवू लागते आणि उजवा हात चालीसाठी मोकळा राहतो. साथीच्या या तयार आराखड्याला ‘स्टाईल’ म्हणतात. ती कोठून मिळवावी आणि इथल्या गाण्याला कशी बसवावी, हा प्रश्न वरवर तांत्रिक वाटला तरी मुळात तो तालाचा, म्हणजेच प्रदेशाच्या कानाचा आहे.

यंत्राची वंशावळ

परक्या वाद्याला आपल्या गाण्यात रुळवून घेण्याची परंपरा महाराष्ट्राला नवी नाही. युरोपातून आलेली पेटी भजन-कीर्तनात इतकी मुरली की आकाशवाणीने 1940 पासून 1971 पर्यंत तिच्यावर बंदी घातली होती, हे आज सांगूनही कोणाला खरे वाटत नाही. वरातीतील बँजो म्हणजे मुळात बुलबुलतरंग. त्याचा पूर्वज असलेले ताइशोगोतो हे वाद्य 1912 मध्ये जपानमधील नागोया येथे गोरो मोरिता यांनी घडवले. अरेंजर की-बोर्ड हा या मालिकेतील पुढचा पाहुणा आहे. घरगुती ऑर्गनला तालाची साथ देणारी पेटी वुर्लिट्झर या अमेरिकन कंपनीने 1959 मध्ये ‘साइडमॅन’ या नावाने बाजारात आणली. 1983 मध्ये वाद्यांना परस्परांशी बोलता यावे यासाठी ‘मिडी’ ही सामाईक संकेतपद्धती ठरली, आणि त्यानंतर रोलँडच्या ई-20 (1988) आणि कॉर्गच्या आय-3 (1993) यांसारख्या यंत्रांनी ताल, बास व स्वरसंगती यांची एकत्रित साथ वादकाच्या बोटांखाली आणून ठेवली.

1991 मध्ये ‘जनरल मिडी’ ही सामाईक ध्वनियादी निश्चित झाली, तेव्हा तिच्या 128 स्वरवाद्यांत सतारीला 105वा आणि सनईला 112वा क्रमांक मिळाला. परंतु तालवाद्यांच्या 47 ध्वनींत बोंगो, कोंगा, मराकस यांना जागा असूनही तबला, ढोलकी, पखवाज यांपैकी एकही वाद्य नव्हते. भारताची चाल यंत्रात शिरली, पण भारताचा ताल दाराबाहेर राहिला. पुढे कॅसिओने ‘आयएन’ हा प्रत्यय लावलेली आणि यामाहाने ‘पीएसआर-आय’ मालिकेतील खास भारतीय प्रतिरूपे काढून तबला-तानपुऱ्याची सोय केली. तरीही त्यांतील ‘भारतीय’ ठेके बहुधा चित्रपटगीत, भांगडा आणि गरबा यांच्या आसपासच फिरतात, आणि वऱ्हाडातील वादकाला आपला ठेका त्यांत शोधावा लागतो.

जिल्ह्याच्या तालांचा पट

तेरा तालुक्यांचा हा जिल्हा स्वतःची ओळख ‘घाटावरचा’ आणि ‘घाटाखालचा’ अशी सांगतो. घाटावर चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेडराजा, देऊळगावराजा. घाटाखाली पूर्णेच्या खोऱ्यात मलकापूर, नांदुरा, खामगाव, शेगाव, जळगाव जामोद. शेगावच्या गजानन महाराजांमुळे जिल्ह्याच्या कानात टाळ-मृदंगाची दिंडीचाल भरलेली आहे. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांमुळे (1909–1968) सगळ्या वऱ्हाडात खंजिरी भजन घरोघरी पोहोचले. देऊळगावराजा तालुक्यातील मेहुणाराजा हे परंपरेने संत चोखामेळ्याचे जन्मगाव मानले जाते. भीमगीतांचा मोठा श्रोतृवर्ग इथे आहे. होळीच्या सुमारास भरणाऱ्या सैलानीच्या यात्रेत कव्वालीचा ठेका असतो, मेहकर-लोणारकडील तांड्यांवर बंजारा लेंगीबरोबर नगारा घुमतो, आणि लग्नात डफडे व संदल वाजतात.

या सगळ्यांना एकच ‘इंडियन डान्स’ नावाची स्टाईल लावली की काय होते, हे सांगण्याची गरज नाही. खंजिरी भजनाची लय सुरुवातीला संथ असते आणि कडव्यागणिक चढत जाते, तर यंत्राची लय वादक बदलत नाही तोवर एकाच आकड्यावर स्थिर राहते. गोंधळात संबळाची सहा मात्रांच्या अंगाने झुलणारी चाल असते. तिच्यावर पाश्चात्त्य वॉल्ट्झचा तीन ठोक्यांचा साचा ठेवला तर मात्रा जुळतात, पण झोल हरवतो.

स्टाईलच्या पोटात काय असते

स्टाईल बदलायची तर तिची रचना आधी समजून घ्यावी लागते. यामाहाच्या पद्धतीत एका स्टाईलमध्ये आठ वाहिन्या असतात: दोन तालाच्या, एक बासची, दोन संगतीच्या, एक सलग पसरणाऱ्या ‘पॅड’ची आणि दोन छोट्या स्वरवाक्यांची. या वाहिन्या इंट्रो, मेन, फिल-इन, ब्रेक आणि एंडिंग अशा खंडांत विभागलेल्या असतात. आपल्या परिभाषेत बोलायचे तर मेन म्हणजे ठेका, फिल-इन म्हणजे कडव्यातून ध्रुवपदाकडे नेणारी उठाण, आणि एंडिंग म्हणजे तिहाईची जागा.

प्रत्येक स्टाईल एका मूळ स्वरसंगतीत ध्वनिबद्ध केलेली असते आणि वादक दुसरी संगती धरतो तेव्हा कोणता स्वर कोठे सरकवावा याचे नियम तिच्यासोबत साठवलेले असतात. यामाहाच्या यंत्रांत ‘रूट ट्रान्स’ हा नियम सगळा आराखडा मूळ स्वराबरोबर उचलून नेतो, ‘रूट फिक्स्ड’ हा नियम स्वर मूळच्या पट्ट्याजवळ ठेवतो, आणि ‘बायपास’ या तक्त्यात संगतीच्या जातीनुसार होणारा बदल थांबवला जातो. रागाधारित अभंगाच्या साथीसाठी हा शेवटचा पर्याय मोलाचा आहे, कारण भीमपलासातील चालीखाली यंत्र आपल्या मनाने शुद्ध गंधार घुसवू लागले तर गायकाचा कोमल गंधार पोरका होतो. अशा वेळी संगतीच्या वाहिन्या बंद करून बासला केवळ षड्ज-पंचमावर बांधणे आणि पॅडच्या जागी तानपुऱ्यासारखा सलग सूर ठेवणे हा सर्वांत सोपा आणि बहुतेकदा सर्वांत सुरेल उपाय ठरतो.

शोध: तीन वाटा

स्टाईल मिळवण्याच्या वाटा मुख्यतः तीन आहेत. पहिली वाट यंत्रातील उपजत संग्रहाची. पुष्कळ वादक नवे शोधण्याच्या घाईत हा संग्रह पूर्ण चाळतही नाहीत, आणि नावावर न जाता मात्रा व लय पाहून चाळला तर दूरच्या देशाची एखादी स्टाईलही, तिचा ढोलसंच बदलून, केरव्याला चपखल बसू शकते. दुसरी वाट कंपन्यांच्या अधिकृत विस्तारसंचांची. त्यांत ठेक्यांबरोबर खरे ध्वनीही मिळतात, पण ते ठरावीक प्रतिरूपांवरच चालतात. तिसरी वाट हातोहात फिरणाऱ्या फायलींची. एके काळी फ्लॉपीवरून आणि आता पेनड्राइव्ह व व्हॉट्सअ‍ॅपवरून त्या एका वादकाकडून दुसऱ्याकडे जातात.

तिसऱ्या वाटेवर दोन खड्डे आहेत. पहिला तांत्रिक: यामाहा, कॉर्ग, रोलँड आणि कॅसिओ यांच्या फायलींचे स्वरूप वेगवेगळे असते. रूपांतर करणारी सॉफ्टवेअर उपलब्ध असली तरी ध्वनींचे क्रमांक आणि ढोलसंचाच्या पट्ट्या जुळत नसल्याने ढोलकीच्या चाटीच्या जागी गाईच्या गळ्यातील घंटेचा आवाज येतो, आणि दोष फाईलचा नसून नकाशाचा आहे हे उमगेपर्यंत वादक ती टाकूनही देतो. दुसरा खड्डा नीतीचा: केरवा किंवा दादरा कोणाच्याही मालकीचा नाही, परंतु एखाद्याने रात्री जागून घडवलेली स्टाईल ही त्याची मजुरी आहे. तिची प्रत फुकट वाटणे म्हणजे ढोलकीवाल्याला बोलावून बिदागी न देण्यासारखेच आहे.

बदल: भर कमी, वजाबाकी जास्त

मिळालेल्या स्टाईलला इथल्या गाण्यात आणण्याचे काम प्रामुख्याने वजाबाकीचे असते. प्रथम गिटार व ब्रासच्या वाहिन्या बंद कराव्यात, मग पाश्चात्त्य ड्रमसंच उतरवावा, आणि उरलेल्या बास-तालावर गायकाला एकदा गाऊन पाहायला सांगावे. बहुतेक भजनांना यापलीकडे फारसे काही लागत नाही.

त्यानंतर येतो ठेक्याचा हिशेब. आठ मात्रांचा केरवा चार ठोक्यांच्या एका पट्ट्यात दोन-दोन मात्रा धरून पूर्ण बसतो आणि सहा मात्रांचा दादरा 6/8 मध्ये बसतो. सात मात्रांच्या रूपकात मात्र खास अडचण येते. रूपकाची सम ही खालीची असल्याने तिथे डग्ग्याचा घुमारा नसतो, तर तयार आराखडे पहिल्या ठोक्यावर बास ड्रमचा ठोसा गृहीत धरून बनवलेले असतात. तो ठोसा काढला नाही तर रूपक उलटा वाजतो. तिहाईचीही अशीच गोष्ट आहे. तिहाईचा शेवटचा ‘धा’ पुढच्या आवर्तनाच्या समेवर पडतो, म्हणून एंडिंगचा खंड एकाच आवर्तनाचा ठेवला तर तो ‘धा’ कापला जातो, आणि गाणे पायरी चुकल्यासारखे थांबते. एंडिंगला एक पट्टा जास्त देणे एवढाच यावरचा इलाज आहे.

स्वराचा प्रश्न याहून नाजूक आहे. गायकाची पट्टी काळी एक असो वा पांढरी चार, वादक ‘ट्रान्सपोज’ची कळ दाबून मोकळा होतो. पण तालाच्या वाहिन्या त्या कळीला बधत नाहीत, कारण ढोलसंचातील प्रत्येक पट्टी म्हणजे एक वेगळा आघात असतो. परिणामी यंत्रातील तबल्याची शाई एका सुरात आणि गाणे दुसऱ्या सुरात राहते, आणि काहीतरी खटकते आहे एवढेच श्रोत्याला जाणवते. ज्या यंत्रांत ढोलसंचातील एकेका ध्वनीचा सूर बदलता येतो, त्यांत दायाँ षड्जाला लावून घेणे हे वादकाचे कर्तव्य मानले पाहिजे. हातोडीने तबला लावण्याचेच ते आजचे रूप आहे.

शेवटी उरतो झोल. संगणकीय ध्वनिलेखनात ‘क्वांटाइझ’ नावाची सोय प्रत्येक आघात काटेकोर जागेवर ओढून नेते, परंतु ढोलकीच्या लग्गीतील काही आघात मुद्दाम किंचित मागे पडतात आणि तिथेच ठसका असतो. म्हणून नवा ठेका भरताना ढोलकी किंवा खंजिरी वाजवणाऱ्यालाच ऑक्टोपॅडवर अथवा की-बोर्डाच्या पट्ट्यांवर वाजवायला सांगून तो जसाच्या तसा नोंदवणे श्रेयस्कर. संबळ, डफडे, खंजिरी यांचे ध्वनी यंत्रात नसतील तर शांत खोलीत एकेक आघात वेगळा नोंदवून, ज्या यंत्रांत नमुना-ध्वनी भरता येतात त्यांत, त्यांचा स्वतंत्र संच बांधता येतो. खंजिरी भजनाच्या चढत्या लयीसाठी एकाच भजनाच्या संथ, मध्य आणि द्रुत अशा तीन मेन रचना करून ‘टॅप टेंपो’च्या कळीने लय हळूहळू वर न्यावी.

निष्कर्ष

या आढाव्याचा निष्कर्ष दोन वाक्यांत मांडता येतो. दिंडीत आणि वारकरी कीर्तनात जिथे पखवाज व टाळ हजर आहेत, तिथे स्टाईलला काही काम नाही आणि तिने तिथे जाऊही नये. मात्र जिथे गावच्या मंडळाला चार वादक परवडत नाहीत, तिथे एका जाणत्या हाताने वजाबाकी करून बसवलेली स्टाईल गाण्याची खरी सेवा करू शकते. जिल्ह्यातील जुन्या खंजिरीवादकांचे, संबळवाल्यांचे आणि डफडेवाल्यांचे हात अजून चालू आहेत तोवर तरुण की-बोर्डवादकांनी त्यांच्याकडे जाऊन, त्यांना रीतसर बिदागी देऊन, त्यांचे ठेके नोंदवून घ्यावेत. यंत्र जपानचे असले तरी त्याला शिकवायचा ठेका घाटावरच्या आणि घाटाखालच्या याच हातांत आहे.