आखाड्यावर कुत्रं कोणतं ठेवावं?
वसमत, औंढा भागात हळद शिजवून वाळत घातली की रात्रभर आखाड्यावर राखण लागते. तेव्हा हौसेपेक्षा कान महत्त्वाचे. मराठवाड्यात नावाजलेला कारवान (कर्नाटकात मुधोळ, अंगावर रेशमी केस असले तर पश्मी) मुळात नजरेने हेरून पाठलाग करणारा शिकारी. 2005 साली टपाल तिकिटावर झळकला, लष्करानेही त्याला प्रशिक्षण दिलं. मोकळ्या शिवारात त्याला तोड नाही. पण साखळीला बांधून ठेवाल तर कुढेल. जर्मन शेफर्ड हुशार खरा, मात्र त्याचा दुहेरी केसांचा कोट चाळिशीपार उन्हाळ्यासाठी नाही. सावली, पाणी, खुराक परवडत असेल तरच आणा. आमचं मत विचाराल तर गावठी पिल्लूच बरं: उन्हाला सरावलेलं, भाकरीवरही भागणारं (अधूनमधून अंडं द्याच) आणि खुट्ट झालं की भुंकणारं. राखणीला भुंकणारा हवा, चावरा नव्हे. पिल्लू दीड-दोन महिन्यांचं होईपर्यंत आईपासून तोडू नका. तिसऱ्या महिन्यात रेबीजची लस टोचा, पुढे दरवर्षी.