रिपोर्ट चांगला, मग दम का लागतो?

कुणी रानातून आत्ताच आला असाल, कुणी धान्य निवडत बसला असाल. हातातलं काम चालू राहू द्या, कान तेवढे इकडं द्या.

आज मी आमच्या घरातलीच गोष्ट सांगणार आहे. सांगताना थोडी लाज वाटते, कारण यात माझी चूक आहे. पण ती ऐकून तुमच्यापैकी एकीच्या घरातली तरी चूक टळली, तर माझं सांगणं कामी आलं.

माझ्या सासूबाईंना आम्ही आत्या म्हणतो. वय ६२. चार वर्षांपूर्वी त्यांना हृदयविकाराचा झटका येऊन गेला. जीव वाचला, पण हृदय कमजोर झालं. डॉक्टरांनी कागदावर ‘हार्ट फेल्युअर’ लिहिलं आणि घरात रडारड झाली. फेल म्हणजे संपलंच की सगळं! मग डॉक्टरांनी समजावलं. हृदय बंद पडलेलं नाही. विहिरीवरची मोटर चालू आहे, पण पाणी पूर्वीच्या जोरानं चढत नाही, तसं झालंय. म्हणून चालताना दम लागतो, पायावर सूज येते, रात्री आडवं पडलं की श्वास कोंडतो. गोळ्या रोज घ्यायच्या, मीठ कमी करायचं, पाणी डॉक्टर सांगतील तेवढंच प्यायचं.

तीन वर्षं बरी गेली. गेल्या दिवाळीनंतर मात्र आत्या एकदम थकल्या. दोन भाकरी थापल्या की भिंतीला टेकून बसायच्या. देवळात जाणं बंद झालं. पायावर सूज नव्हती, वजन वाढलं नव्हतं, गोळी एकही चुकली नव्हती. मी म्हटलं, वय झालं. खरं सांगते, मनात त्याहून वाईट आलं. सून कामाला लागली की सासूचे हात दुखायला लागतात, असं मी गटाच्या बैठकीत हसत हसत बोलूनही गेले.

तरी एकदा रक्त तपासून आणलं. हिमोग्लोबिन १२.३. बाईमाणसाचं १२ च्या खाली आणि पुरुषाचं १३ च्या खाली गेलं, तर रक्त कमी धरतात. म्हणजे आत्यांचं बरोबर होतं. मी रिपोर्ट घडी करून ठेवला आणि दुकानातून टॉनिकची बाटली आणली. बाटली संपली, थकवा तसाच.

पुढच्या तपासणीला जिल्ह्याच्या ठिकाणी गेलो. तिथल्या डॉक्टरांनी विचारलं, “मावशी, सहा महिन्यांमागं जमत होतं आणि आता जमत नाही, असं काय आहे?” आत्या म्हणाल्या, “भाकरी.” डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी रक्ताच्या आणखी दोन तपासण्या लिहून दिल्या, फेरिटिन आणि ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन. रिपोर्ट बघून म्हणाले, “ताई, यांचं हिमोग्लोबिन ठीक आहे, पण अंगातलं लोह संपत आलंय.”

मला कळेना. रक्त ठीक आणि लोह कमी, असं कसं? तेव्हा मला आपला बचत गटच आठवला. गटाच्या पेटीत रोकड असते आणि बँकेत शिल्लक असते. हिमोग्लोबिन म्हणजे पेटीतली रोकड. फेरिटिन म्हणजे बँकेतली शिल्लक. बँकेतली शिल्लक आटत गेली तरी पेटीत काही दिवस पैसे दिसत राहतात. फक्त पेटी उघडून बघणारीला वाटतं, गट मजेत आहे. पासबुक बघितल्याशिवाय खरं कळत नाही.

आणि लोहाचं काम फक्त रक्तात नसतं. रक्तातलं लोह प्राणवायू वाहून नेतं, हे आपण शाळेत शिकलो. पण हातापायाच्या स्नायूंनाही ताकद तयार करायला लोह लागतं. हृदय हाही एक स्नायूच आहे. दिवसाला लाखभर ठोके देतो, एक दिवस सुट्टी नाही. आधीच कमजोर झालेल्या हृदयाला लोह मिळालं नाही, तर माणूस थकणारच, मग हिमोग्लोबिनचा आकडा काहीही असो.

हे फक्त आमच्या आत्यांचं नाही. हृदय कमजोर असलेल्या रुग्णांपैकी जवळजवळ निम्म्या लोकांत लोह कमी सापडतं. शिवाय आपल्याकडं मुळातच रक्ताची बोंब. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या १०० बायांमागं ५४ जणींच्या अंगात रक्त कमी निघालं होतं.

हृदयाच्या आजारात लोह कमी का होतं? कारणं चार-पाच आहेत. भूक मंदावते, दोन घासांत पोट भरल्यासारखं वाटतं. आतड्याला सूज असली, तर खाल्लेल्यातलं लोह नीट शोषलं जात नाही. तिसरं कारण जरा वेगळं आहे. आपलं यकृत हेप्सिडिन नावाचा एक पदार्थ तयार करतं. तो म्हणजे लोहाच्या कपाटाची किल्ली सांभाळणारा खजिनदार. शरीरात बरेच दिवस आजार, दाह असला की हा खजिनदार घाबरतो आणि कपाट बंद करून बसतो. मग पोटातलं लोह रक्तात येत नाही, साठ्यातलंही बाहेर निघत नाही. चौथं कारण म्हणजे रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या. त्या हृदयासाठी गरजेच्या असतात, पण त्यांच्यामुळं कधी कधी पोटात थोडं थोडं रक्त झिरपतं आणि आपल्याला दिसत नाही. आणि मूत्रपिंड कमजोर असलं, तर रक्त तयार होणंही मंदावतं.

आता त्या दोन तपासण्या. साध्या माणसात फेरिटिन बरंच खाली गेल्यावर लोह कमी म्हणतात. पण आजारपणात फेरिटिनचा आकडा फुगतो, म्हणून हृदयाच्या रुग्णाला वेगळं माप लावतात. फेरिटिन १०० च्या खाली असलं तर लोह कमी. १०० ते २९९ च्या मध्ये असलं तर दुसरी तपासणी बघतात, ती २० टक्क्यांच्या खाली असली तरी लोह कमीच. ही दुसरी तपासणी म्हणजे काय? लोह वाहून नेणारी वडापची जीप समजा. जीपमधल्या १०० जागांपैकी २० सुद्धा भरल्या नसतील, तर पुढच्या गावाला माणसं पोचणार कशी? आत्यांचं फेरिटिन होतं ३८ आणि जीप भरली होती १२ टक्के. रिपोर्टच्या कागदावर मात्र फेरिटिन ‘नॉर्मल’मध्येच छापलेलं होतं. म्हणून हा कागद हृदयाच्या डॉक्टरांनाच दाखवायचा, आपण घरी वाचून घडी करायची नाही.

मी डॉक्टरांना विचारलं, मग लाल गोळी चालू करू का? उपकेंद्रातून आशाताई देतात ती. ते म्हणाले, या आजारात गोळीचा फारसा उपयोग होत नाही, कारण खजिनदारानं कपाट बंद केलंय. अमेरिकेत २०१७ मध्ये हृदय कमजोर असलेल्या २२५ रुग्णांवर अभ्यास झाला. १६ आठवडे तोंडानं लोह दिलं, तरी त्यांची चालायची ताकद वाढली नाही. त्याआधी २००९ मध्ये ४५९ रुग्णांचा एक अभ्यास झाला होता, त्यात लोह शिरेतून दिलं होतं. सहा महिन्यांनी लोह मिळालेल्यांपैकी निम्म्या जणांनी ‘बराच फरक पडला’ असं सांगितलं. नुसतं पाणी टोचलेल्यांत असं म्हणणारे १०० त २८ होते. आणि ज्यांचं हिमोग्लोबिन चांगलं होतं, त्यांनाही फायदा झाला. आमच्या आत्यांसारख्यांसाठीच जणू तो अभ्यास होता!

पण इथं घोटाळा करू नका. गोळीचा उपयोग नाही, हे मी हृदय कमजोर असलेल्या रुग्णांबद्दल सांगतेय. गरोदर बायांनी, मुलींनी, तुम्ही-आम्ही आपल्या गोळ्या बंद करायच्या नाहीत. आपलं कपाट उघडं आहे.

शिरेतून लोह देणं हे मोठ्या दवाखान्यातलं काम आहे. थोड्या सलाईनमधून हळूहळू देतात, नंतर अर्धा तास बसवून ठेवतात, कारण क्वचित कुणाला त्याची ॲलर्जी येते. अंगात ताप, जंतुसंसर्ग असला तर पुढं ढकलतात. इकोच्या तपासणीत हृदयाचं पंपिंग कमी आलं असेल, अशा रुग्णांना याचा फायदा सिद्ध झालेला आहे, म्हणून डॉक्टर इकोचा कागद मागतात. तो बरोबर न्यावा. आणि लोह कमी निघालं, तर ते गेलं कुठं हेही शोधावं लागतं. पोटात अल्सर आहे का, मूळव्याध आहे का, जंत आहेत का. नुसतं भरत राहिलो आणि गळती तशीच राहिली, तर उपयोग नाही.

आता आपण घरात काय करतो, त्याबद्दल चार गोष्टी.

पहिली गोष्ट, थकवा आला की ‘ताकदीचं सलाईन’ लावायची आपल्याकडं सवय आहे. हृदय कमजोर असलेल्या माणसाला हे धोक्याचं आहे. ते पाणी हृदयाला उपसावं लागतं आणि छातीत पाणी साठून रात्रीत जीवावर बेततं. आम्हीही शेजारणीचं ऐकून निघालो होतो. त्या दिवशी एसटी चुकली म्हणून वाचलो.

दुसरी, अंग दुखतं म्हणून दुकानातून आणलेली दुखण्याची गोळी. त्यातल्या बऱ्याच गोळ्या अंगात पाणी धरून ठेवतात आणि पोटात रक्तस्रावही करतात. म्हणजे हृदयालाही मार आणि लोहालाही मार.

तिसरी, पालेभाजी. चांगलीच आहे. पण कुणाच्या हृदयाची झडप बदललेली असेल आणि रक्त पातळ करायची गोळी चालू असेल, तर एकदम रोज ढीगभर पालेभाजी सुरू करू नका. काही गोळ्यांचा परिणाम त्यानं कमी होतो. नेहमी खाता तेवढी खा आणि डॉक्टरांना विचारा. जेवणाबरोबर चहा नको, लिंबू पिळा. लोह वाढेल म्हणून लोणचं-पापड नको, त्यात मीठ. बीट लाल म्हणून रक्त वाढत नाही, आणि साखरेचा आजार असला तर गूळ-खजुरानं दुसरंच दुखणं मागं लागतं.

चौथी गोष्ट तरुण बायांसाठी. झडपेचं ऑपरेशन झालेल्या, रक्त पातळ करायच्या गोळ्या खाणाऱ्या बायांना पाळीत खूप रक्त जाऊ शकतं. लाजेनं कुणी बोलत नाही आणि वर्षभरात रिकामी होते. बाई, हे डॉक्टरांना सांगायचं. पण गोळी आपल्या मनानं बंद करायची नाही, झडपेवर गुठळी झाली तर जीव जाईल. शौचाला डांबरासारखं काळं, चिकट झालं तर लगेच दवाखाना गाठा. लोहाच्या गोळीनंही काळं होतं, म्हणून गोळी चालू असेल तर तेही सांगा.

आणखी एक. घरात सिकलसेल किंवा थॅलेसेमिया असेल, तर तपासल्याशिवाय लोह देऊ नये. त्यांच्या अंगात रक्त कमी असूनही लोह जास्त असू शकतं.

मग गटानं काय करायचं? आपल्या गटात कुणाच्या घरी हृदयाचा रुग्ण आहे, हे आपल्याला माहीत असतंच. तिला एवढंच सांगा की पुढच्या तपासणीला जाताना डॉक्टरांना एक प्रश्न विचार, “यांचं फेरिटिन आणि ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन बघितलंय का?” हे दोन शब्द वहीच्या मागच्या पानावर लिहून द्या. सकाळी उठून रोज वजन करायला सांगा. तीन दिवसांत दोन किलोच्या वर वाढलं किंवा पायावर सूज आली, तर वाट बघायची नाही. आणि तपासणीच्या पैशासाठी कुणी अडली असेल, तर गटाचं अंतर्गत कर्ज कशासाठी आहे?

आत्यांना शिरेतून लोह दिलं त्याला आता पाच महिने झाले. दुसऱ्या दिवशी काही चमत्कार झाला नाही. महिना-सव्वा महिन्यानं एके सकाळी मी उठले, तर चुलीवर तवा होता आणि आत्या पाचवी भाकरी थापत होत्या. हृदय अजून कमजोरच आहे, गोळ्या चालूच आहेत, चढावर दम लागतोच. पण देवळात जातात आणि येताना दोन ठिकाणी बसून गप्पा मारून येतात.

मी त्यांना म्हटलं, “आत्या, मी चुकले, तुम्हाला आळशी समजले.” त्या म्हणाल्या, “अगं, मलाही तसंच वाटायला लागलं होतं.”

मैत्रिणींनो, हे वाक्य माझ्या मनातून जात नाही. घरातलं माणूस थकलंय म्हणालं, तर आधी त्याचं खरं माना. मग तपासा.

येते आता. तब्येत सांभाळा. नमस्कार!